अंथरुणाला खिळलेल्या आईवडलांसाठी गादी: कोकणातल्या घरांतून नेहमी येणारे प्रश्न

आमची आई पॅरालिसिसनंतर साडेतीन वर्षं अंथरुणावर होती, गुहागर तालुक्यात गावच्या घरी. तेवढ्यात आमच्या तीन गाद्या झाल्या आणि पहिली तर साफ चुकली. आता वाडीत, नात्यात कुणाकडे म्हातारं माणूस पडलं की मला फोन येतो, ताई गादी कुठली घेऊ. प्रश्न तेच तेच असतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. आईच्या डॉक्टरांनी आणि ड्रेसिंगला घरी यायच्या त्या सिस्टरनी जे शिकवलं आणि मी स्वतः हाताने केलं तेवढंच इथे आहे.

सरळ सांगा, कुठली गादी घेऊ?

आधी एक बघा, माणसाला स्वतःची कूस स्वतः बदलता येते का? येत असेल तर चांगल्या फोमची पाच-सहा इंची गादी पुरते. येत नसेल, किंवा अंग वाळून हाडं वर आली असतील, शुगर असेल, शी-शू कपड्यात होत असेल, तर त्या फोमवर एअर मॅट्रेस, म्हणजे पंपावर चालणारी हवेची गादी, टाका. दुकानात आपण गादी हाताने दाबून बघतो, बसून बघतो आणि आपल्याला बरी वाटली की घेतो, इथेच चूक होते. आपण रात्री झोपेत कितीदा तरी हलतो, दुखायला लागलं की आपोआप वळतो. आईचं तसं नसतं, तिला जिथे ठेवाल तिथेच ती सकाळपर्यंत असते. तेव्हा गादी घ्यायची ती तिच्या माकडहाडाचा विचार करून, आपल्या पाठीचा नाही.

दुकानदार म्हणतो ऑर्थो घ्या, कडक गादी पाठीला चांगली. खरं का?

चालत्याफिरत्या माणसाच्या कंबरदुखीचं मला माहीत नाही, पण झोपून असलेल्या माणसाला कडक गादी देऊ नका. आम्हाला हेच सांगून काथ्याची गादी दिली होती, वर पातळ फोम आणि आत दगडासारखा काथ्या. भावाने मुंबईहून येताना हौसेने आणलेली, महागाची. तेराव्या-चौदाव्या दिवशी आईला पुसताना माकडहाडावर लाल चट्टा दिसला, मला वाटलं घामोळं असेल, मी पावडर लावली. चार दिवसांत तिथली साल निघाली. कडक गादीवर शरीर टेकतं ते फक्त हाडांच्या टोकांवर, बाकी अंग अधांतरी, म्हणजे सगळा भार त्या चार-पाच जागांवर येतो. ऑर्थो नावाच्या बऱ्याच गाद्यांच्या आत रिबॉन्डेड फोम असतो, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला लगदा, तोही कडकच. दुकानात विचारायचं ते हे की वरचा थर कसला आणि किती इंच.

डेन्सिटी म्हणजे काय? ३२ की ४०?

एक घनमीटर फोमचं वजन किती किलो ती डेन्सिटी. जास्त डेन्सिटीचा फोम लवकर बसत नाही, खड्डा पडत नाही, म्हणून ४० बरा. पण डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, जास्त डेन्सिटीचा फोम मऊसुद्धा मिळतो, एचआर फोम म्हणून विचारा. मेमरी फोम दाब चांगला वाटून घेतो पण अंगाची ऊब धरून ठेवतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये आधीच अंगाला चिकट घाम असतो, त्यात घामाने ओली कातडी लवकर फाटते. पंखा पुरत नसेल अशा खोलीत मी तरी मेमरी फोम घेणार नाही.

घरात कापसाची गादी आहे, पिंजून घेतली तर चालेल का?

नवी पिंजलेली महिनाभर छान वाटते. मग कापूस बसतो, गोळे होतात, जिथे भार तिथेच गादी पातळ होते. एकदा लघवी आत मुरली की ती गादी वाळत नाही, आषाढात तर विसरूनच जा. घरातल्या इतरांना वापरू दे. गोधडीसुद्धा अंगाखाली घालू नका, तिच्या टाक्यांची शिवण वाळलेल्या पाठीवर उमटते, मी बघितलंय.

एअर मॅट्रेसमध्ये फुग्यांची घेऊ की ट्यूबची?

फुग्यांची म्हणजे बबलवाली, उथळ असते आणि स्वस्त, साधारण दोन-तीन हजारांत येते. ट्यूबवालीत आडव्या लांब नळकांड्या असतात, उंची जास्त असते, किंमत दुप्पट-तिप्पट. दोन्हींचं काम एकच, पंप आळीपाळीने काही कप्पे भरतो आणि काही रिकामे करतो, दर काही मिनिटांनी भाराची जागा बदलते आणि दबलेल्या कातडीला परत रक्त पोचतं. बारीक अंगाचं माणूस, जखम अजून नाही, तर बबलने भागतं. वजन जास्त असेल किंवा जखम झालेलीच असेल तर ट्यूबवाली घ्या, त्यात एखादी ट्यूब फुटली तर तेवढीच बदलता येते का तेही विचारून घ्या. बबलवाली फुटली की पंक्चर काढत बसावं लागतं.

आणि एअर मॅट्रेस कधीही नुसत्या फळीवर टाकायची नाही, खाली फोम हवाच. मणक्याचं फ्रॅक्चर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हवेची गादी टाकूच नका.

पंपाच्या बटणावर किती ठेवायचं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि सगळ्यांनी विचारायला हवा असा हाच आहे. बहुतेक घरांत मी जाऊन बघते तर बटण फुल्ल फिरवलेलं. पैसे दिलेत तर टम्म फुगू दे असं वाटतं. पण टम्म फुगलेली गादी म्हणजे परत कडक गादीच झाली की. बटण वजनाप्रमाणे लावायचं असतं, चाळीस किलोच्या माणसाला कमी, सत्तरच्या माणसाला जास्त.

बरोबर लागलंय का हे कळायला हात घालून बघायचं. सिस्टरनी मला पहिल्या दिवशी माझा हात धरून दाखवलं होतं. पंप चालू, आई उताणी. बांगड्या काढायच्या. तळवा वर करून हात एअर मॅट्रेसच्या खाली, म्हणजे ती आणि फोम यांच्या मधे सरकवत सरकवत थेट माकडहाडाच्या खाली न्यायचा आणि थांबायचं. हाताला नुसती हवा लागली, हाड इंचभर तरी वर राहिलं तर ठीक. हाड तळव्याला टोचलं तर हवा कमी आहे, बटण थोडं वाढवा आणि थोड्या वेळाने परत बघा. हात तसाच थोडा वेळ ठेवला तर कप्पे भरताना आणि सुटताना कळतात, हाताखाली कुणी सावकाश श्वास घेतंय असं वाटतं. कप्पा सुटलेला असतानाही हाड टेकता कामा नये. मी रोज सकाळी पुसायच्या आधी हे बघायचे, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. एकदा असाच हात घातला तर हाड थेट तळव्यावर आलं, बघते तर पंपाची नळी पलंगाच्या पायात अडकून चेमटलेली, वरून बघून काही कळलंच नसतं.

एअर मॅट्रेस आणली म्हणजे आता कूस बदलायला नको ना?

हवीच. दुकानात कुणी नको म्हणून सांगितलं असेल तर ते ऐकू नका. दर दोन तासांनी कूस बदलायची, डॉक्टरांनी गादी आणि कातडी बघून वेळ वाढवून दिला तर तेवढाच. रात्री आम्ही दहा, साडेबारा, तीन आणि पाच असं करायचो, साडेबारापर्यंत मी आणि तीन-पाचला आमचे हे, अलार्म लावून. पूर्ण आडव्या कुशीवर झोपवायचं नाही, सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून थोडंसं तिरकं करायचं, साधारण तीस अंशात, आणि दोन गुडघ्यांच्या मधे एक उशी.

वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. ओढलं की कातडी गादीला चिकटून तिथेच राहते आणि आतलं हाड सरकतं, आतल्या आत इजा होते, ती वर चार दिवसांनी दिसते. अंगाखाली एक आडवी चादर कायम ठेवा, आम्ही आईचंच जुनं सुती लुगडं चौपदरी करून घातलेलं, मग दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलून सरकवायचं. घरात एकटी बाई असेल तर शेजारी हाक मारा, वाडीत कुणी नाही म्हणत नाही.

एअर मॅट्रेसवर काय काय अंथरायचं?

उचलून सरकवायची ती आडवी चादर सोडली तर एकच पातळ सुती चादर, सैल. घट्ट खोचली तर झोळीसारखी ताणली जाते आणि खालची हवा असून नसल्यासारखी. चादर, वर रबर शीट, वर दुसरी चादर, वर अंडरपॅड, वर डायपर आणि वरून लुगडं, असे सहा थर बघितलेत मी एका घरी. गादी बिचारी काय करणार! रबर शीट हवीच असेल तर फक्त मधल्या भागात, आणि तिच्यावर सुती कापड. डायपर दिवसा शक्य तेवढा उघडा ठेवून कातडीला वारा लागू द्या. ओलं झालं की लगेच बदला, साध्या पाण्याने पुसा, टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा. पावडर नको, ती घामात भिजून गोळे होतात आणि तेच टोचतात.

पाठ ठीक आहे पण टाचा काळ्या पडतायत?

गादी कितीही चांगली असली तरी टाचा तिच्यावर सोडून चालत नाहीत, कारण टाचेला मांसच नाही. आईची पाठ बरी झाली त्या आनंदात आम्ही टाचांकडे बघितलंच नाही. एका संध्याकाळी पायमोजे काढले तर डाव्या टाचेवर रुपयाएवढा जांभळट गोल डाग. दुखत असणार, पण तिला बोलता येत नव्हतं. तो भरायला चार महिने लागले. पोटरीखाली लांबट उशी आडवी घाला, गुडघा किंचित वाकलेला, आणि टाच अधांतरी राहिली पाहिजे, टाचेखालून कागद आरपार जायला हवा. उशी नुसती टाचेखाली नको, आणि पाणी भरलेले हातमोजे पण नकोत.

मधे भोक असलेली रिंग उशी घेऊ का?

नको. भोकातली कातडी दबत नाही हे खरं, पण कडेने गोल दाब बसून मधल्या भागाचं रक्त अडतं.

लाईट गेली की काय?

कोकणात राहून हा विचार आधी करावा लागतो. २०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कित्येक गावांत लाईट यायला आठवडे गेले, पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते. म्हणून म्हणते खाली चांगला फोम हवा, हवा गेली तरी माणूस फळीवर येत नाही. लाईट गेल्या गेल्या पंपापासून नळ्या काढा, दुमडून रबरबँडने घट्ट बांधा, आतली हवा काही तास राहते. कप्पे बदलत नाहीत हे लक्षात ठेवून कूस मात्र वेळेवर बदला. लाईट लांबणार असं दिसलं तर हवेची गादी काढून सरळ फोमवर घ्या, अर्धवट हवेच्या गादीवर ठेवण्यापेक्षा ते बरं.

पंप साधारण आठ-दहा वॅटचा असतो, एलईडी बल्बएवढा, छोट्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो. चोवीस तास चालला तरी महिन्याला सहा-सात युनिटच्या आसपास. बिलासाठी रात्री बंद करतात काही लोक, कृपा करून असं करू नका. विजा कडकडायला लागल्या की तेवढा वेळ प्लग काढा.

पावसाळ्यात गादीला बुरशी येते, वास येतो, काय करू?

फोमला झिप असलेलं कव्हर शिवून घ्या, आत पाणी न जाणारं आणि बाहेरून सुती. पलंग भिंतीला चिकटवू नका, आमच्या चिऱ्याच्या भिंतीला जुलैत अक्षरशः पाझर फुटतो, वीतभर अंतर ठेवा. खाली सलग प्लायऐवजी पट्ट्यांचा पलंग असेल तर खालून वारा लागतो. सारवलेल्या जमिनीवर गादी टाकू नका, ओल वर चढते आणि तुमची कंबरही मोडते. उघडीप मिळाली की आईला खुर्चीवर घ्या आणि फोम उन्हात उभा करा. एअर मॅट्रेस मात्र उन्हात नको, प्लास्टिक कडक होऊन चिरतं, ती साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवा.

उंदरांनी नळी कुरतडली.

आमच्याकडे दोनदा. नळ्या जमिनीवर लोळू देऊ नका, पंप पायथ्याच्या फळीला टांगा आणि नळ्या पलंगाच्या कडेला कापडी पट्टीने बांधा. जादा नळी आणून ठेवा, ऐन पावसात तालुक्याला जावं लागत नाही. मुंग्यांकडेही बघा, शुगरवाल्या माणसाच्या लघवीला मुंग्या येतात आणि ज्यांना हलता येत नाही त्यांना त्या चावत बसतात. पलंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, पाणी रोज बदलायचं नाहीतर डास.

हॉस्पिटलचा कॉट घ्यायलाच हवा का?

नळीने किंवा चमच्याने भरवावं लागत असेल तर डोक्याकडून उचलता येणारा कॉट खूप उपयोगी, पेज भरवताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास डोकं वर हवं म्हणजे अन्न श्वासनलिकेत जात नाही. नंतर मात्र उतार कमी करा, जास्त वर ठेवलं की माणूस घसरत खाली येतं आणि माकडहाड घासतं. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ अशा ठिकाणी सर्जिकल सामानवाल्यांकडे भाड्याने विचारा, आधी दोन महिने भाड्याने घ्या. खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, हँडलच्या आट्यांना तेल घालत राहा. घरचा लाकडी पलंग असेल तर पायांखाली पक्के ठोकळे लावून उंची आपल्या कंबरेएवढी करा, रोज वाकून वाकून करणारीच आडवी झाली तर आईचं कोण करणार. मात्र उंच केल्यावर कडेला कठडा हवा, आणि कठडा व गादी यांच्यात डोकं-हात अडकेल अशी फट नको.

आम्ही मुंबईला, आई गावी. ऑनलाइन पाठवू का?

पाठवा, पण आधी गावच्या माणसाकडून पलंगाची लांबीरुंदी मोजून घ्या. जुने पलंग कसेही असतात, चार फुटी पलंगावर तीन फुटी गादी टाकली की ती सरकत राहते. आणि पार्सल पाठवून थांबू नका, गादी लावली त्या दिवशी व्हिडिओ कॉल करा आणि बटण कितीवर आहे ते दाखवायला सांगा. गणपतीला याल तेव्हा स्वतः एकदा हात घालून बघा.

परवडत नाही, काही मदत मिळते का?

मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ पासून आहे, ६५ वर्षं पूर्ण, घरचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत, तर उपकरणांसाठी एकदा ३००० रुपये खात्यात येतात. कमोड खुर्ची, व्हीलचेअर अशा वस्तूंसाठी ती आहे, त्या खर्चाचा भार उतरला तर गादीला पैसे उरतात. माहितीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. आणि वाडीत विचारा, कुणाच्या तरी माळ्यावर एअर मॅट्रेस असतेच.

लाल चट्टा दिसतोय, आता?

त्या कुशीवर अजिबात ठेवू नका. अर्ध्या तासाने बोटाने दाबून बघा. दाबल्यावर पांढरं होऊन परत लाल झालं तर अजून वेळ आहे. लालच राहिलं तर आत इजा सुरू झाली. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे हात लावा, गरम लागतं, टणक लागतं किंवा कडेपेक्षा काळसर दिसतं. चोळू नका, तेल रगडू नका. साल निघाली, पाणी-पू आला, वास आला, काळं पडलं किंवा ताप आला तर डॉक्टर, त्याच दिवशी. हळद, पाला, स्पिरिट काही लावू नका. जखम भरायला पोटात प्रोटीन लागतं, अंडं, काटे काढलेले मासे, कुळथाची पिठी, जे गिळता येईल ते द्या, किडनीचा त्रास असेल तर किती द्यायचं ते विचारून.

आईला ती गादी आवडत नाही, रडते.

पहिले काही दिवस हलल्यासारखं वाटतं, बोटीत बसल्यासारखं. आमच्या आईने पहिल्या रात्री चादर मुठीत धरून ठेवलेली. बटण थोडं कमी करा, पंपाखाली फडकं घाला म्हणजे घरघर कमी होते, आणि दोनतीन रात्री जवळ झोपा. आम्ही गणपतीत तिचा पलंग माजघरातून ओटीवर आणला, पंप, एक्स्टेन्शन बोर्ड सगळं घेऊन, आरतीत तिचा उजवा हात चादरीवर ठेका धरत होता. त्यानंतर गादीची तक्रार तिने केली नाही.

माणूस गेल्यावर गादीचं काय करायचं?

फोम डागाळलेला असेल तर टाकून द्या. एअर मॅट्रेस साबणाने धुवा, मग हायपोक्लोराइटच्या, म्हणजे ब्लीचच्या, पातळ पाण्याने पुसून काढा, सावलीत दोन दिवस वाळवा, फुगवून रात्रभर ठेवून गळते का बघा, आणि दुसऱ्या घरी द्या. देताना नुसती देऊ नका, जाऊन लावून द्या आणि तिथल्या बाईचा हात धरून खाली घालून दाखवा. आमची आता वरच्या वाडीत आहे, पंप तोच, एक नळी नवीन.